नीलक्काची उत्तरपत्रिका

आमच्या घरात माणसाची ओळख नावाच्या आधी मिजाजानं, म्हणजे प्रकृतीनं, व्हायची. अप्पांचं भालकीच्या बाजारात काष्ठौषधीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, अडुळसा, सुंठ, नावं न कळणाऱ्या मुळ्यांची पोती. आमच्या अंगालाच काय, भाकरीलाही त्यांचा वास यायचा. गिऱ्हाइकांत वैद्य होते तसे हकीमही होते, त्यामुळं घरात दोन्हीकडची भाषा चालायची. अव्वा, म्हणजे आमची आई, पित्ताची, म्हणून दुपारी तिच्या तोंडाला लागायचं नाही. काका बलगमी, म्हणजे थंड. त्यांना जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. मी दमवी, रक्ताच्या जोराची, बडबडी, हसरी. आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी नीलक्का सौदावी, कमी बोलणारी, आत आत विचार करणारी. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी पानात पडली की मी "पुन्हा हीच?" म्हणून ओरडायची, आणि नीलक्का न बोलता माझ्या वाटीतली तिच्या वाटीत ओतून घ्यायची. असं असलं की ताटावर बसलेले अप्पा आम्हां दोघींकडं बघून म्हणायचे, "एकीच्या पोटच्या, पण मुळ्या दोन जातीच्या."

हा सगळा खेळ आम्ही शिकलो तो शेजारच्या हकीमसाबांकडून. त्यांचं घर आणि आमचं घर यांत एक परसातली भिंत. हकीमसाब नाडी बघायला बसले की घाई नसायची. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, पाणी गार लागतं की कोमट, राग आला की रडू येतं की भूक जाते. अर्धी सकाळ ते एका माणसाला विचारत बसायचे. एकदा मी त्यांना म्हणाले, "हकीमसाब, आमची अक्का सौदावी हाय ना?" त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "बेटी, मिजाज मौसम के संगात बदलता. आज का बोल कल नक्को पकडो." तेव्हा मला ते माघार घेतल्यासारखं वाटलं होतं. पुढं मी मानसशास्त्राची पुस्तकं वाचली, शिकवलीही. पण इतकं प्रामाणिक वाक्य मला त्यांत फार कमी वेळा सापडलं.

मग ते अठ्ठेचाळीसचं साल आलं. त्याचा सगळा इतिहास मी इथं लिहीत बसत नाही, तो लिहिणारे पुष्कळ आहेत. आधी रझाकारांच्या भीतीनं आम्ही दारं लावून बसायचो. मग हिंदी फौज आली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी पेढे वाटले. आणि पेढ्यांची चव तोंडात असतानाच काठ्या घेऊन फिरणारी माणसं आमच्या गल्लीत आली. आता दारं लावायची पाळी हकीमसाबांच्या घराची होती. ते स्वतः रोगी बघायला बिदरला गेले होते आणि वाट बंद झाल्यानं तिकडंच अडकले होते. घरात त्यांची बायको, आम्ही त्यांना चाचीमा म्हणायचो, सून आणि सुनेचं दीड महिन्याचं लेकरू. अप्पा आणि काका माल आणायला उदगीरला गेलेले. अव्वा देवघरात हातात इष्टलिंग धरून बसली होती. परसातल्या भिंतीवरून तिघांना आत घेतलं ते नीलक्कानं. सोळा वर्षांची होती ती. तिनं त्यांना पोत्यांच्या मागं माळ्यावर चढवलं, लेकराच्या तोंडात मधाचं बोट दिलं, आणि दार अर्धं उघडून उंबऱ्यावर उभी राहिली.

दिवस चांगला वर आला होता. पाच-सहाजण आले. दोघे अनोळखी, बाकीचे आमच्या दुकानातून सुंठ नेणारे. त्यातल्या एकानं काठी दारावर आपटली, धाडकन. "शेजारचे कुठं गेलेत? आत हायत का?"

"आत देवी निघाल्यात," नीलक्का म्हणाली. "माझ्या बहिणीला आणि अव्वाला बी. यायचं असलं तर या."

देवीच्या रोगाचं नाव ऐकून माणसं दोन पावलं मागं सरली. मी आत अंगावर वाकळ घेऊन पडले होते, देवी निघालेली बहीण म्हणून. ते गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. दरवेळी काठी आपटली गेली आणि दरवेळी अक्का तिथंच, त्याच दारात होती. चौथ्या दिवशी फौजेची गाडी गावात फिरली आणि ते थांबलं. पुढं हकीमसाब परतले आणि बायकामाणसं घेऊन हैदराबादला निघून गेले. जाण्याआधी त्यांनी नीलक्काचं मनगट हातात घेतलं. अप्पांनी विचारलं, "काय म्हणतीया नाडी?" हकीमसाब म्हणाले, "दौड री है. दौडने देव."

त्यानंतर नीलक्का दचकायला लागली. दुकानातला लोखंडी खल वाजला की तिच्या हातातलं भांडं पडायचं. अप्पांनी खलाखाली पोतं घातलं, मग खलच परसात नेला. बाजाराच्या दिवशी ती बाहेर पडायची नाही. बसायची ती नेहमी दाराकडं तोंड करून. पण घर तीच चालवायची, काष्ठांच्या चिठ्ठ्या तीच लिहायची आणि गल्लीतल्या आठ-दहा पोरींना मराठी लिहायला-वाचायला तीच शिकवायची. मलाही तिनंच शिकवलं. तिच्या हाताखालची एकही पोर अक्षर चुकली नाही.

काही वर्षांनी उर्दू शाळा मागं पडून मराठी आणि कानडी शाळा निघायला लागल्या, आणि त्यांना मास्तरणी मिळेनात. गुलबर्ग्याला, आताच्या कलबुर्गीला, मुलींच्या ट्रेनिंग स्कूलची भरती निघाली. अव्वानं आकाशपाताळ एक केलं, पण अप्पा म्हणाले, "दोघी जाऊ द्या. नीलीचं तर ते कामच हाय." हुमनाबादवरून मोटारीनं अप्पा आम्हांला घेऊन गेले. पहिल्या दिवशी मराठीचा आणि हिशेबाचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी गुण फळ्यावर लागले. नीलक्का साऱ्या मुलींत तिसरी, मी विसाव्याच्याही मागं. आणि त्याच दिवशी 'व्यक्तिमत्त्व चाचणी' होती. हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मुलींना गटागटानं आत घेत होते. नीलक्का सकाळच्या गटात, मी दुपारच्या. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली आम्ही शेंगांच्या चटणीबरोबर भाकरी खाल्ली आणि तिनं मला सारं सांगितलं. साठ प्रश्न, पुढं 'होय' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. एका चित्रात अर्ध्या उघड्या दारात उभी असलेली बाई, तिची गोष्ट लिहायची. "मोठ्या आवाजानं दचकता का, इचारलेत," नीलक्का हसली. "त्यांला कसं कळलं की गं?"

"मग तू काय लिवलीस?"

"व्हय लिवले. खरं ते लिवले."

त्या घटकेला माझ्या मनात काय झालं ते मला लख्ख आठवतं. मला कळलं की अक्काचं उत्तर चुकलं आहे. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाजारात वाढलेल्या पोरीला समोरच्याला काय हवं आहे ते कळतं. मी तिला तसं म्हणाले नाही. दुपारी आत गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना हवं ते लिहिलं. दचकता का? नाही. गर्दी नकोशी वाटते का? नाही. झोप मोडते का? नाही. आयुष्यात कधी खोटं बोललात का? नाही. त्या चित्राखाली मी लिहिलं की दिवाळीला भाऊ येणार म्हणून बहीण आनंदानं दारात उभी आहे. महिन्याभरानं पत्र आलं. माझी निवड झाली. नीलक्काची झाली नाही. तिच्या नावापुढं फक्त 'स्वभावतः अयोग्य' एवढे दोन शब्द होते.

आज एवढ्या वर्षांनीही ते दोन शब्द लिहिताना माझा हात तापतो. परवा माझी नात सांगत होती की तिच्या कंपनीत नोकरीला घेताना संगणकावर अशीच प्रश्नावली सोडवून घेतात. मी तिला म्हटलं, नापास झालेल्याला तिथं भांडता येतं का? ती म्हणाली, "आजी, त्यात पास-नापास नसतं." नसतं म्हणे! हिशेबात चूक निघाली तर माणूस पुन्हा बेरीज करून दाखवतो. तुझा स्वभावच चुकला म्हटल्यावर त्यानं काय करून दाखवायचं? अव्वाला मात्र त्या पत्राचा आधार झाला. "सरकारच सांगायलंय की, पोरीत काही तरी खोट हाय," असं म्हणून तिनं दुबळगुंडीच्या एका बिजवराचं स्थळ पुढं काढलं. आधीच्या दोन लेकरांचा बाप, शेतकरी, नीलक्काहून पंधरा वर्षांनी मोठा. नीलक्का काही बोलली नाही. ती सौदावीच, असं सगळे म्हणाले आणि तिला विचारायचं राहूनच गेलं.

मी गुलबर्ग्याला गेले. आम्हांला मानसशास्त्र शिकवायला एक बाई होत्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या दुष्ट नव्हत्या आणि त्यांची माणसं अजून आहेत. पुण्याला शिकून आलेल्या, पांढरंशुभ्र लुगडं, बोलणं सुरेख. त्या साली त्या पुण्यातच होत्या. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त त्या इतके छान सांगायच्या की मी पहिल्या बाकावर बसायची. जुन्या काळी शरीरातल्या चार रसांवरून स्वभाव ठरवत, हे ऐकून मला आमचं दुकानच आठवलं. मग कुणी शरीराच्या ठेवणीवरून ठरवू लागलं, गोल अंगाचा तो माणसाळू, हडकुळा तो एकलकोंडा. मग अंतर्मुख आणि बहिर्मुख आले. "आणि आता," बाई म्हणाल्या, "अंदाज संपला. आता आपण स्वभाव मोजू शकतो." एके दिवशी मोजमापाचं प्रत्यक्ष उदाहरण म्हणून त्यांनी फायलीतून एक उत्तरपत्रिका काढली. नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

"हे दुबळ्या व्यक्तिमत्त्वाचं उदाहरण. ऐका. प्रश्न सतरा, मोठ्या आवाजाने दचकता का? उत्तर, होय. फक्त होय किंवा नाही लिहा असं बजावलेलं असताना हिनं पुढं लिहिलंय, 'त्या सालापासून'. सबबी सांगण्याची सवय बघा. कधी खोटं बोललात का? होय. लोकांवर सहज विश्वास बसतो का? नाही. आणि हे चित्र. तुमच्यापैकी कुणी दारातल्या बाईला आई केलं, कुणी बहीण. ही लिहिते, 'ही बाई दार अडवून उभी आहे. आत माणसं आहेत. ती कुणाला सांगणार नाही.'" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चित्रात आत कुणीही नाही. पण हिच्या मनात संशय आहे, म्हणून हिला माणसं दिसतात."

मुली हसल्या. पहिल्या बाकावरून मला कागदावरचं अक्षर दिसत होतं. ज्या अक्षरावर बोट फिरवून मी लिहायला शिकले ते अक्षर मला ओळखायला पट्टी काढावी लागत नव्हती.

मी उभी राहिले. "बाई, आत माणसं होती," मी म्हणाले. "तीन. ती माझी अक्का हाय." आणि मग मी थांबलेच नाही. मध्येच माझी पुस्तकी मराठी सुटली आणि मी घरच्या बोलीत बोलत गेले. काठी सांगितली, देवी निघाल्याची थाप सांगितली, तीन दिवस सांगितले. "खोटं बोललीस का इचारलात, ती व्हय म्हणाली. त्या खोट्यानं तीन जीव वाचलेत. मी न्हाई लिवले, म्हणून मी इथं बसले. माझा कागद समदा खोटा हाय बाई. तो दाखवा की उदाहरणाला!"

मग मागून उदगीरची एक मुलगी हळूच उठली. "बाई, मी बी दचकते. मी नाही लिहिलं होतं." तिच्यामागं आणखी एक उठली, बिदरकडची. मग आणखी एक. कुणी काही जास्त सांगितलं नाही, नुसत्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटतं अर्धा वर्ग उभा होता. बाईंनी ती उत्तरपत्रिका फायलीत घालायचा प्रयत्न केला. ती आत जाईना. ती तशीच हातात धरून त्या बाहेर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेनं मला बोलावलं. चाचणीत खोटी माहिती दिल्याबद्दल नाव का काढू नये, असा सवाल. मी माफीनामा लिहून दिला. हो, दिला. इतकं बोलून झाल्यावर मी मुकाट्यानं लिहिलं की असे पुन्हा होणार नाही. मला परत जायचं नव्हतं. बाई तिथंच बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ते सगळं लिहायला फॉर्मात जागा नव्हती, मुली." मी म्हणाले, "मग जागा ठेवायची होती की, बाई." आठ दिवसांनी त्यांनी मला एक पत्र दिलं, शिक्का मारलेलं. उमेदवारास पुन्हा एकदा व्यक्तिमत्त्व चाचणीस बसण्याची संधी देण्यात येत आहे. त्यासाठी त्या स्वतः वरच्या ऑफिसात दोनदा जाऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

मी पत्र घेऊन भालकीला धावले. लग्नाला बारा दिवस उरले होते. दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. नीलक्का परसात शेंगा फोडत बसली होती. मी पत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा बसायला मिळणार म्हणून एका दमात सांगितलं. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"पुन्हा तेच कागद?"

"तेच. पण आता बाईला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तू कामून दचकतीस ते. मी सांगितले ना वर्गात, सगळ्यांच्या म्होरं."

तिच्या हातातली शेंग फुटायची थांबली. "मला इचारलीस?"

मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. "अक्का, तुझ्यासाठीच की गं..."

"ती गोष्ट माझी हाय, कस्तुरे. मी चार वर्सं कुणाला सांगितले न्हाई. अप्पाला बी समदं ठावं न्हाई. चाचीमाच्या सुनंनं माळ्यावर लेकराचं तोंड कसं दाबून धरलं होतं, ते मी बगितले. ते दिवस कुणाच्या वर्गात जायला नको होते." ती मोठ्यानं बोलत नव्हती. तिला मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलंच नाही. "आणि आता पुन्हा बसू म्हणतीस. मग काय लिवू? तुझ्यासारखं?"

मी खोटं लिहिल्याचं तिला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. बहुधा त्या कडुलिंबाखालीच कळलं असेल, मी गप्प राहिले तेव्हा.

"मी दचकते," ती म्हणाली. "दचकते आणि पोरींला शिकवते. दोन्ही करते. त्यांला त्यातलं एकच पायजे असलं तर माझ्यानं व्हायचं न्हाई." तिनं पत्राची घडी घातली आणि मला परत दिलं. अप्पांनी तिला दोनदा समजावलं, मी पाया पडले. बारा दिवसांनी ती दुबळगुंडीला गेली. मी अजून रागावलेली आहे: त्या फॉर्मवर, अव्वावर, बाईंच्या सुंदर बोलण्यावर, आणि नीलक्कावरही, की तिनं एकदा, एकदाच, 'नाही' का लिहिलं नाही. आणि या सगळ्या रागाच्या तळाशी मी स्वतः आहे, हातात भाकरी घेऊन, गप्प.

दुबळगुंडीत ती चांगली नांदली, असं लोक म्हणतात. तिचा नवरा भला माणूस निघाला. सावत्र लेकरांनी तिला शेवटपर्यंत अव्वा म्हटलं. गावात शाळा निघाली तेव्हा तिथं दुसरी बाई आली, ट्रेनिंग झालेली. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातून माझ्या नोकरीच्या पुस्तकाची नक्कल मिळाली. पहिल्याच पानावर भरतीच्या वेळचा शेरा होता. ती नक्कल घेऊन मी दुबळगुंडीला गेले. नीलक्का ओसरीवर दाराकडं तोंड करून तूर निवडत होती. मी तिला वाचून दाखवलं: वृत्ती प्रसन्न, मन स्थिर, स्वभाव विश्वासू.

तिनं सुपातून मान वर केली. "विश्वासू बी लिवलेत?"

"व्हय."

"कुणाला इचारून?"